शटर पडल्यावर

१

रावसाहेब शितोळे मेल्याची बातमी आली तेव्हा तुर्भे नाक्यावर कोणी 'अरेरे' म्हणालं नाही. पानवाल्यानं चुना लावता लावता मान वर केली, 'कोण, रत्नदीपवाला?' म्हणून विचारलं आणि पुन्हा पान लावायला घेतलं.

हे १९८५ सालच्या फेब्रुवारीतलं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तुर्भ्याच्या कारखान्यांच्या समोर, 'हॉटेल रत्नदीप' चांगलं चालायचं. दुपारी कारखान्यांची माणसं, ट्रकवाले, महाप्याकडे जाणारे सुपरवायझर, सगळे तिथेच जेवत. जेवणं आटोपली की शटर पडायचं आणि संध्याकाळी पुन्हा उघडायचं. मधल्या वेळात हॉटेलात फक्त मालक असायचा, फॅमिली रूममध्ये झोपलेला.

त्या संध्याकाळी सबइन्स्पेक्टर सुधीर परुळेकर जीपमधून उतरला आणि दुसऱ्याच पावलाला त्याचा बूट रस्त्याला चिकटला. हॉटेलसमोरच्या रस्त्यावर दुपारीच डांबर ओतलं होतं. रोलर अजून कडेला गरम उभा होता. परुळेकर शिव्या देत, पाय सोडवत पलीकडे गेला. हॉटेलच्या उंबऱ्यावर, आतल्या पांढऱ्या फरशीवर, आधी आलेल्या चपलाबुटांचे काळे ठसे उमटले होते. त्यात त्याच्या बुटांची भर पडली.

"आत या साहेब," हवालदार गावंड म्हणाला. "गॅसनं गेलाय. कोळशाच्या."

फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडच्या भिंतींची एक बंद खोली. रस्त्याकडची खिडकी एअर कंडिशनर बसवायचा म्हणून कायमची बुजवलेली. एअर कंडिशनर मात्र कधी आलाच नव्हता. एक दार बाहेर, जेवणाच्या हॉलमध्ये उघडणारं. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत एक फट, थाळी सरकेल एवढी, तिची फळी स्वयंपाकघराच्या बाजूनं उघडायची आणि लावायची. आत्ता फळी उघडी होती. पलीकडे तिच्याखालीच लोखंडी घमेलं होतं, त्यात भट्टीतून काढलेले कोळसे जळून राख झाले होते.

रावसाहेब दाराजवळ पालथा पडला होता. चेहऱ्यावर विलक्षण गुलाबी रंग, जणू नुकताच लाजला असावा.

"तीन वर्षांपूर्वी पण असंच झालेलं इथे," गावंड हळूच म्हणाला. "एक वेटर गेलेला. तेव्हा मी नव्हतो, ऐकलंय."

मॅनेजर नंदकुमार सावंत भिंतीला टेकून घाम पुसत होता. कणकवलीकडचा, तिशीतला, नीटनेटका माणूस. त्याचा शर्ट भिजून पाठीला चिकटला होता.

"दुपारी मी आणि आचारी सिताराम पुढच्या दारानं बाहेर पडलो. शटर मी लावलं. किल्ली माझ्याकडेच असते. संध्याकाळी येऊन उघडलं. शेटना हाक मारली, उत्तर नाही. दार लोटलं, तर हे असे."

"दार लोटलं? आतून कडी नव्हती?"

"नाही साहेब. नुसतं लोटलेलं होतं."

"मागचं दार?"

"ते आतून बंद. शेट स्वतः कडी लावायचे झोपायच्या आधी. बघा, अजून तशीच आहे. घमेल्यात निखारे काढायची पद्धत आहे, भट्टी हलकी करायला. ती फळी चुकून उघडी राहिली असणार. अपघात झाला, साहेब."

फारच लवकर म्हणाला तो 'अपघात'.

हात धुण्याच्या मोरीपाशी एक बाई ओकून ओकून दमून बसली होती. अंगावर विटकी नऊवारी, अनवाणी पाय पुढे पसरलेले, भेगाळलेले तळवे पिठाच्या रंगाचे. भाकऱ्या करणारी गिरजाबाई. दोन वर्षं इथे कामाला होती.

"दुपारी कधी गेलात, बाई?"

"भांडी घासली नि मागल्या दारानं घरला गेले. सांजच्याला नंदूभाऊच्या मागनं आले." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "डोका लय दुखतंय, सायेब."

"प्रेत बघून होतं असं," गावंड म्हणाला.

परुळेकर पुन्हा आत गेला आणि प्रेताजवळ उकिडवा बसला. त्यानं रावसाहेबाचा उजवा हात उचलून दिव्याकडे वळवला. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलली होती. डाव्या हाताचीही तीच गत. दाराच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, प्लायवूडवर रक्ताचे पुसट डाग होते.

दार जर नुसतं लोटलेलं होतं, तर हा माणूस ते फोडायला का बघत होता?

२

"परुळेकर, फार खोल जाऊ नका," वरिष्ठ साहेब फोनवर म्हणाले. "शटर बाहेरून बंद, मागचं दार आतून बंद, आत माणूस एकटा. अजून काय पाहिजे? अपघात म्हणून मोकळे व्हा."

"सर, त्याचे हात..."

"गुदमरलेला माणूस हात आपटतो. दोन दिवस घ्या. मग फाईल माझ्या टेबलावर."

परुळेकर वाशीला शितोळ्यांच्या फ्लॅटवर गेला. रावसाहेबाची बायको मीना खिडकीपाशी बसली होती. नातेवाईक बायका आत रडत होत्या. ही रडत नव्हती. तिनं चहा मागवला, त्याच्यासमोर ठेवला आणि स्वतःच बोलायला लागली.

"मला विचारा ना, दुःख झालं का म्हणून. सगळे माझं सांत्वन करतायत. विचारत कोणीच नाही."

"झालं?"

"नाही." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "तीन वर्षांपूर्वी हॉटेलच्या पोटमाळ्यावर एक पोरगा गेला. राजू. रात्री कामगार आत झोपायचे आणि हे बाहेरून शटरला कुलूप घालून घरी यायचे. चोरी नको म्हणून. त्या दिवशी बाकीचे गावच्या जत्रेला गेलेले, तो एकटाच होता. भट्टी धुमसत राहिली. सकाळी शटर उघडलं तर तो शटरला चिकटूनच पडलेला, माळ्यावरून खाली आलेला. बोटं सोलपटून गेलेली."

परुळेकरचा चहाचा कप तसाच राहिला.

"बोटं?"

"मी पाहिली. मीही गेले होते त्या सकाळी. तुमचे त्या वेळचे लोक आले, अपघात लिहून घेतलं आणि गेले. कुलपाचा शब्दसुद्धा कोणी काढला नाही. आणि हे? दुपारी मला म्हणतात, मीना, संध्याकाळी उघडू या, गिऱ्हाईक तुटेल. त्या दिवसापासून या माणसाच्या ताटात वाढताना मी डाव आपटायचे. रागानं."

"काल दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. शेजारणीकडे पापड लाटत होते. दहा बायका सांगतील." तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मी मारलं नाही. पण ज्यानं मारलं असेल त्याला धरायची मला घाई नाही."

"कोणी मारलं असं मी म्हटलेलंच नाही, वहिनी. सगळे अपघात म्हणतायत."

मीना पहिल्यांदा हसली.

"पुन्हा अपघात?"

३

हॉटेलखालची जमीन मूळची गोटीराम म्हात्रेची. त्याच्या बापजाद्यांची भातखाचरं होती तिथे. शहर आलं तशी शेती गेली, गोटीरामनं ट्रक घेतले, रस्त्याची कंत्राटं धरली, पण रत्नदीपखालचा तुकडा रावसाहेबानं त्याच्या दारुड्या थोरल्या भावाचा अंगठा घेऊन कायमचा लिहून घेतला होता. भाऊ पुढे त्याच दारूनं मेला. दारू रावसाहेबच पाजायचा, हे तुर्भे गावात शेंबडं पोरही सांगायचं.

"मी त्याला मारनार व्हतो," गोटीराम बाजेवर मांडी घालून म्हणाला. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, डोळे लाल. "खोटा कशाला बोलू? दर साली देवीला सांगायचो, याचा मरान माझ्या हातनं येऊ दे. कोन तरी पुढं जाला. मना राग त्याचा हाय, तुमचा नाय."

"काल दुपारी कुठे होता?"

"रस्त्यावर! माझाच रोलर, माझीच मानसा. रत्नदीपच्या शटरपुढं डांबर वतत व्हतो आख्खी दुपार."

"म्हणजे शटर तुमच्या डोळ्यांसमोर होतं."

"व्हता ना. नंदकुमार नि आचारी भायेर आले, शटर पाडला, गेले. मंग आमी डांबर वतायला घेतला. मंग चिटपाखरू नाय आत गेला, नाय भायेर आला."

"आतून काही आवाज? कोणी ठोकतंय, ओरडतंय?"

गोटीरामनं मान हलवली. "रोलर चालू असला ना साहेब, तर माझाच आवाज मना येत नाय."

"संध्याकाळी काय पाहिलंत?"

"नंदकुमार आला. माझ्या डांबरातनं तरातरा चालत गेला, मी शिवी घातली त्याला. शटर उघडून आत गेला. लय टाइम गेला. मंग बोंबलला. मी धावलो, तर तो फॅमिली रूमच्या दारात बसलेला, नि गिरजाबाय मोरीपाशी वकत व्हती."

"लय टाइम? किती?"

"एक बिडी वढून जाली माझी."

परुळेकर उठला. मेलेला मालक दिसल्यावर माणूस ओरडतो. बिडी संपेपर्यंत नंदकुमार आत काय करत होता?

४

नंदकुमारला त्यानं चौकीत बोलावलं नाही, बंद हॉटेलातच बोलावलं. दोघं समोरासमोर एका टेबलावर बसले. फॅमिली रूमचं दार समोर सताड उघडं होतं.

"या दाराला बाहेरून कोयंडा कशाला?" परुळेकरनं विचारलं.

"रात्री थंड्याच्या बाटल्या आत ठेवतो. कुलूप लागतं."

"त्याचं कुलूप कुठाय?"

"ते... खिळ्याला असतं. ते बघा."

खिळ्याला एक छोटं चकचकीत कुलूप लटकत होतं. परुळेकरनं ते काढून कोयंड्यात घालून पाहिलं, पुन्हा काढलं. मग कोयंड्यावर बोट फिरवून नंदकुमारसमोर धरलं. बोटाला गंजाचा तांबूस, तेलकट डाग लागला होता.

"हे कुलूप नवं आहे. गंज दुसऱ्याचा. नंदकुमार, रावसाहेबाची बोटं सोलली होती. त्यानं दार ठोकलं, कारण दार बाहेरून बंद होतं. तू आलास तेव्हा ते बंदच होतं. तू उघडलंस, कुलूप खिशात घातलंस आणि मग ओरडलास. शटरची किल्ली फक्त तुझ्याकडे. आता मला सांग, मी काय समजू?"

नंदकुमारचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"हेच. हेच समजतील म्हणून काढलं साहेब! आईशप्पथ. मी आलो तर दाराला हे भलंमोठं कुलूप, आणि किल्ली... किल्ली त्यालाच लावलेली. उघडलं तर शेट गार. मला सुचेना. शटर मीच लावलेलं, मीच उघडलेलं, मधे कोणी येऊच शकत नाही. माझ्या गळ्यात फास आलाच म्हटलं."

"कुलूप?"

ते त्याच्या खोलीवर, तांदळाच्या डब्यात होतं. जुनं, लोखंडी, मुठीएवढं. गंज बाजूंना धरलेला, पण आतला चाप तेल घालून घालून लोण्यासारखा मऊ केलेला.

परुळेकरनं ते कुलूप मीनासमोर ठेवलं. ती दचकून मागे सरकली.

"हे... हे शटरचं कुलूप. त्या रात्रीचं. राजूच्या वेळचं. लोक बोट दाखवायला लागले म्हणून ह्यांनी नवं आणलं आणि हे मागच्या अंगणात भंगारात फेकून दिलं. कुठे सापडलं तुम्हाला?"

"राजूचं पूर्ण नाव काय होतं?"

"माहीत नाही. ते सगळ्या वेटरांना राजूच म्हणायचे. एक गेला की दुसरा राजू. आताही एक आहे, सुट्टीवर गेलाय. उरणकडचा होता तो, एवढं आठवतं. म्हातारा बाप टेंपो घेऊन आला होता. आई आली नव्हती. ती अंथरुणाला खिळली म्हणत होता."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी परुळेकर रिकाम्या रत्नदीपमध्ये एकटाच बसला. बाहेर रहदारी चालू होती. शटर अर्धं वर होतं आणि उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता.

मारणाऱ्याला शितोळेचं मरण हवं होतं, तर कुलपाची गरजच काय होती? जड जेवून झोपलेला माणूस, बंद खोली, पलीकडे निखारे. पहिल्यांदा झाला तसा अपघात सहज खपला असता. कुलपानंच तो बिघडवला. तेही खिळ्यावरचं हातासरशी मिळणारं कुलूप सोडून, भंगारातलं, वर्षानुवर्षं तेल पाजून जपलेलं. आणि किल्ली त्यालाच ठेवून. लपवायचं असतं तर असं कोण करतं?

मीनाला नवऱ्याचा संताप होता, पण तिला हॉटेलची बदनामी परवडणारी नव्हती. गोटीरामला जमीन हवी होती. त्याला अपघात देवासारखा पावला असता. नंदकुमारनं तर कुलूप लपवलं. या तिघांनाही अपघात सोयीचा होता. ज्यानं हे केलं त्याला अपघात नकोच होता. त्याला त्या शब्दाचीच चीड होती.

असा माणूस एकाच घरातला असणार. राजूच्या.

पण तो आत आला कसा आणि गेला कसा? मागच्या दाराला आतून कडी. पुढे गोटीराम अख्खी दुपार उभा. परुळेकरची नजर फरशीवरून फिरत होती. तपास संपेपर्यंत फरशी पुसू द्यायची नाही, असं त्यानंच बजावलं होतं. काळे ठसे जसेच्या तसे होते. नंदकुमारच्या चपला, गोटीरामची पायताणं, गावंडचे सरकारी बूट, त्याचे स्वतःचे. बाहेरून जो जो आला तो तो डांबर घेऊन आला.

अनवाणी पायाचा ठसा एकही नव्हता.

तो ताडकन उभा राहिला. मोरीपाशी पसरलेले ते तळवे त्याला आठवले. पिठाच्या रंगाचे. ताजं डांबर भेगांमध्ये गेलं की रॉकेलनं घासलं तरी आठवडाभर निघत नाही. ती नंदकुमारच्या मागून रस्ता ओलांडून आली असती तर तिचे पाय काळे हवे होते.

गिरजाबाई बाहेरून आलीच नव्हती. ती दुपारी बाहेर गेलीच नव्हती. शटर उघडलं तेव्हा ती आतच आडोशाला होती आणि घाबरलेल्या नंदकुमारनं ती कुठून आली हे पाहिलंच नव्हतं. आणि तिचं ते डोकं दुखणं, ते ओकणं. प्रेत बघून झालेलं नव्हतं ते. दाराच्या फटीतून झिरपलेला तोच धूर तिच्याही छातीत गेला होता.

म्हणजे रावसाहेब आत मरत होता, तेव्हा ती या हॉलमध्ये होती. दाराच्या या बाजूला.

परुळेकर शटरखालून वाकून बाहेर पडला.

६

ती तुर्भे गावात एका पडवीत भाड्यानं राहायची. परुळेकर गावंडला घेऊन गेला तेव्हा ती अंगणात बसून होती. हातात काही काम नव्हतं. त्याला पाहून ती उठली नाही, घाबरली नाही.

"बाई, तीन वर्षांपूर्वी हॉटेलात राजू म्हणून एक पोरगा मेला..."

"राजू नाय," ती म्हणाली. "हिरामन. हिरामन बामा ठाकूर. राजू कोन? मी बारशाला हिरामन नाव ठेवला."

गावंडनं चमकून परुळेकरकडे पाहिलं. ती मात्र बसायला जागा करत होती.

"दोन वरसा जाली या हाटेलात. मी कोन, कुठली, कोनी इचारला नाय. शेटनं पन नाय. आज तुमी इचारलात. बसा."

मग ती बोलत गेली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. नवरा पोराला टेंपोत घालून घेऊन आला तेव्हा ती आजारी होती. आंघोळ घालताना तिनं त्याची बोटं पाहिली. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, पोलीस म्हणतात अपघात. ती उठून चालायला लागल्यावर थेट इथे आली आणि भाकरीचं काम मागितलं. मागच्या अंगणात भंगारात ते कुलूप दिसलं, किल्लीसकट. ते तिनं घरी नेलं. रोज निजताना त्याला खोबरेल लावायची.

"दोन वर्षं थांबलात कशाला?"

"शेट कंदी एकटा, कंदी कोन दोस्त बरुबर निजायचा. नि भायेरचा आवाज पायजे व्हता. त्या दिशी रोलर आला." ती जरा थांबली. "भांडी घासली, पोटमाळ्यावर जाऊन बसले. माजा पोर निजायचा तिथं. शेटनं मागल्या दाराची कडी घातली, आत जाऊन निजला. घोरायला लागला. मंग खाली आले, निखारे काढले, फळी उघडली, सैपाकघराचा दार वढून घेतला, नि याच्या दाराला ता कुलूप घातला."

"आणि मग?"

"मंग बसले."

"कुठे?"

"दारापाशी. पाट घेऊन."

पडवीत कुठे तरी कोंबडी खुडखुडत होती.

"तो ठोकत होता?"

"व्हता. शिव्या देत व्हता, मंग देवाचं नाव घेत व्हता. मंग रडायला लागला." तिनं पहिल्यांदाच मान खाली घातली. "खोटा नाय बोलनार. एकदा उठले मी. किल्लीला हात लावला. म्हनलं, पुरे, आईचाच लेक हाय तो पन. नि तेवढ्यात आतनं वरडला, 'ए राजू! राजू, दार उघड रे!'"

ती परुळेकरकडे पाहून म्हणाली, "मी परत खाली बसले."

७

"झालं ते झालं," वरिष्ठ साहेब म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि त्यांचाही आवाज नेहमीचा राहिला नव्हता. "परुळेकर, म्हातारी बाई आहे. कुलूप मॅनेजरनं काढलेलंच आहे. अपघात लिहिलं तर कोणाचं काय बिघडतं? जाऊ दे तिला पोराच्या गावाला."

परुळेकरला ते पटलं. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं. तो स्वतःच लॉकअपपाशी तिला सांगायला गेला.

गिरजाबाई ऐकता ऐकता उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला, तिनं दोन्ही हातांनी गज धरले.

"नाय! माज्या पोराला अपघात केलात, गप बसले. याला अपघात करू नका! मंग मी काय केला? मी उगीच बसले त्या दारापाशी? लिवा, खून. लिवा, गिरजीनं केला. नि का केला तो पन लिवा. नाय तर मी नाक्यावर उभी राहून वरडन."

परुळेकर परत गेला आणि साहेबांना म्हणाला, "सर, खुनाची केस करावी लागेल. तिची मागणी आहे."

खटला ठाण्याला चालला. सरकारनं दिलेला तरुण वकील भला माणूस होता. त्यानं मांडलं की बाईला नुसतं घाबरवायचं होतं, कोळशानं माणूस मरतो हे त्या अडाणी बाईला ठाऊक नव्हतं. शिक्षा हलकी झाली असती. न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं.

"साहेब, माजा वकील पोर चांगला हाय, पन त्याला म्हाईत नाय," ती म्हणाली. "मना ठावं व्हता. मरनार म्हनूनच केला. तुमी फक्त एक करा. हिरामनच्या वेळेला शटर भायनं बंद व्हता, ते लिवा."

वकील खाली बसला. मीना शितोळे साक्षीला आली होती. न्यायाधीशांनी तिला त्या सकाळबद्दल विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. सोललेल्या बोटांसकट. निकालात ते आलं. हिरामण बामा ठाकूर याचा मृत्यू बाहेरून कुलूप घातल्यामुळे झाला, असं भर कोर्टात वाचून दाखवलं गेलं. त्यानंतर गिरजाबाईला जन्मठेप सुनावली, ती तिनं ऐकली की नाही कोण जाणे.

बाहेर व्हरांड्यात तिचा नवरा बामा उभा होता. उरणहून पहाटे निघून आलेला, पांढरी टोपी हातात चुरगाळत. त्यानं फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणली होती. त्यानं ते पुढे केलं.

ती पोलीस गाडीच्या पायरीवर बसली आणि खायला लागली. घाईघाईनं, मोठाले घास घेत, भुकेल्या माणसासारखी. बामा तिच्याकडे बघत राहिला.

"तीन साल जाली," तो परुळेकरला हलक्या आवाजात म्हणाला, "हिला असा खाताना नाय बघितला."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. परुळेकरनं हात वर करून त्याला थांबवलं. गाडीचं मागचं दार धरून तो उन्हात उभा राहिला आणि तिचं खाऊन होईपर्यंत त्यानं ते लावलं नाही.